वायुमार्ग की समूळमार्ग? भ्रमणध्वनीच्या जीर्णोद्धारावरील अल्पप्रबंध

विषय क्षुल्लक आहे, हे सुरुवातीलाच मान्य. मोठे विषय मोठ्या माणसांनी आधीच संपवल्यामुळे प्रबंधकारापुढे दुसरा पर्याय उरला नव्हता. प्रश्न एवढाच: फोनचे सॉफ्टवेअर बसल्या जागी हवेतून येणाऱ्या अपडेटने सुधारावे, की जुने समूळ पुसून नवे कोरे घालावे? पहिल्या पंथास येथे वायुमार्गी म्हटले आहे, दुसऱ्यास समूळवादी. नाशकात वायुमार्गी कॉलेज रोडवर फुकट वाय-फायच्या छायेत आढळतात. समूळवाद्यांची पीठे महात्मा गांधी रोडवरच्या मोबाइलच्या दुकानांत असून त्यांचे महावाक्य एकच आहे: "काका, सॉफ्टवेअर मारावं लागेल. डेटा जाईल, चालेल ना?"

विवेचनासाठी न्यायशास्त्रातील पंचावयवी वाक्याचा आधार घेतला आहे. त्या शास्त्रात डोंगरावर धूर दिसला की अग्नीचे अनुमान करतात. प्रस्तुत शास्त्रात उशीखालचा फोन तापला की अपडेटचे करतात.

प्रतिज्ञा. फोन लोगोवरच अडकला नसेल, तर वायुमार्ग श्रेष्ठ.

हेतू. कारण वायुमार्गाने बहुधा अख्खी प्रणाली येत नाही; जुन्या आणि नव्या आवृत्तीतला फरक तेवढा येतो. आलेल्या फाइलवरची कंपनीची डिजिटल सही फोन आधी तपासतो. २०१६ साली अँड्रॉइड ७ आल्यापासून अनेक फोनांत प्रणालीसाठी दोन खण असतात. एका खणावर फोन चालू राहतो, दुसऱ्यात नवी आवृत्ती भरली जाते. नव्या खणातून फोन सुरू झालाच नाही, तर तो गाजावाजा न करता जुन्या खणावर परततो. लग्नातले फोटो आणि मावशीचा नंबर निराळ्या विभागात असल्याने त्यांना धक्का लागत नाही.

समूळमार्गात फोन वायरने संगणकाला जोडून कित्येक जीबींची फाइल चढवावी लागते. त्यासाठी बूटलोडरचे, म्हणजे प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचे, कुलूप काढायची वेळ आली, तर ते निघतानाच आतला डेटा पुसला जातो. ही योजना चोरासाठी आहे, पण ती मालकालाही चोरच धरते. शिवाय रिकव्हरीत जाऊन पुसलेला अँड्रॉइड फोन पुन्हा उठताच जुन्या गुगल खात्याचा पासवर्ड विचारतो. हा पासवर्ड घरातल्या धाकट्याने ठेवलेला असतो, आणि धाकटा पुण्याला शिकायला गेलेला असतो.

येथे एक पूर्वपक्ष संभवतो: "फॅक्टरी रिसेट मारला की जुनी आवृत्ती परत येते." हे मत सिडकोपासून पंचवटीपर्यंत प्रचलित असले तरी निराधार आहे. रिसेटने आपला डेटा जातो. प्रणालीची आवृत्ती असते तीच राहते. म्हणजे जे टिकवायचे ते जाते आणि जे घालवायचे ते टिकते.

उदाहरण. यासाठी परगावी जाण्याची गरज नाही. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात आणि दोन्ही पंथांचे प्रयोग तेथील मालावर झालेले आहेत. जानेवारी २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने २००५ पूर्वीच्या नोटा परत घेण्याचे जाहीर केले. ओळख सोपी होती: अशा नोटेच्या मागे छपाईचे वर्ष नसे. जुनी नोट बँकेत जात होती, नवी बाहेर येत होती, मुदतही वारंवार वाढत गेली, आणि बहुसंख्य नागरिकांना काही घडते आहे याचा पत्ताच लागला नाही. हा शुद्ध वायुमार्ग. पुढे ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा, म्हणजे मूल्याने चलनाचा सुमारे ८६ टक्के भाग, एका घोषणेत बाद झाल्या. नाशिकरोडची यंत्रे अहोरात्र चालली. नव्या नोटांचा आकार निराळा असल्याने देशभरातल्या एटीएमचे खण पुन्हा जुळवावे लागले. ज्या वर्षी अँड्रॉइडने दोन खणांची सोय केली, त्याच वर्षी देशाने एकाच खणावर भागवले.

उपनय. फोनचेही तसेच आहे, फरक एकच. बाद नोटांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक मूल्याच्या नोटा बँकांत परत आल्या. फोनमधून पुसलेला फोटो इतका प्रामाणिक नसतो.

निगमनापूर्वी तिसऱ्या आणि सर्वांत मोठ्या पंथाची दखल घेणे प्राप्त आहे. हा उद्यावादी पंथ. "आता अपडेट करा" आणि "नंतर आठवण करून द्या" यांपैकी हे लोक दुसऱ्यावर बोट ठेवतात आणि मिसळीकडे वळतात. त्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. कंपन्याही नवी आवृत्ती आधी थोड्या फोनांवर सोडून काही बिघडते का ते पाहतात, मग आपणच घाई का करावी? उत्तर असे की अँड्रॉइडमधल्या सुरक्षेच्या भेगांची यादी गुगल २०१५ पासून दरमहा प्रसिद्ध करते, आणि ती यादी फक्त सज्जनच वाचतात असे नाही.

निगमन. फोन चालतो तोवर वायुमार्ग: वाय-फाय चालू, बॅटरी निम्म्याहून वर, मुहूर्त रात्रीचा. लोगोवर अडकला तरच समूळमार्ग, तोही कंपनीच्या अधिकृत फाइलने; आणि त्याआधी दुकानदाराला विचारावे, की डेटा न पुसता पूर्ण आवृत्ती वरून चढवता येईल का? काही फोनांत येते. बॅकअप मात्र दोन्ही पंथांत नित्यकर्म समजावे.

एक अपवाद नोंदवून प्रबंध संपवतो. पुष्कळ फोन प्रणालीमुळे नव्हे, तर सुप्रभातच्या चित्रांनी जागा भरल्यामुळे मंदावतात. तेथे दोन्ही मार्ग निष्फळ होत, कारण दोष यंत्राचा नसून नातेवाइकांचा आहे. आणि नातेवाईक हवेतून सुधारत नाहीत, समूळ पुसताही येत नाहीत.