म्यूटचं बटण

आमच्या हिंजवडीत मार्चचा दुसरा रविवार महत्त्वाचा. अमेरिका घड्याळ एक तास पुढे ढकलते आणि संध्याकाळी साडेसातची पाळी साडेसहाची होते. पाडव्याला सुट्टी मिळेलच असं नाही. 4 जुलैला मात्र हमखास.

हेडसेट चढवला की माझा ‘सॅम’ होतो. ओहायोतला गृहस्थ राउटरवरून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. मी म्हणतो, ‘‘तुमची अडचण मी समजू शकतो.’’ हे वाक्य स्क्रिप्टमध्ये आहे, त्यामुळे समजण्याचा प्रश्न येत नाही. खरी साधना म्यूटच्या बटणाची. ते दाबल्यावर जी मराठी बाहेर पडते, ती कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. एकदा बटण दाबलंच गेलं नव्हतं. ग्राहकाला ते आभारप्रदर्शन वाटलं, त्याने पाचपैकी पाच गुण दिले.

फायदे आहेत हं. पगार वेळेवर, घरी सोडायला गाडी. सोसायटीतल्या काकूंना पहाटे चारला गाडीतून उतरणारी मुलगी तेवढी खुपते. तिच्या पगाराचा आकडा मात्र त्यांना पाठ असतो.

परवा एका आजीबाईंनी बिल चुकलंय म्हणून फोन केला. बिल बरोबर होतं. चाळीस मिनिटं त्या गेलेल्या नवऱ्याबद्दल बोलल्या. मी ऐकलं. प्रतिकॉल सरासरी वेळ वाढली, महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला. आठवड्याने त्यांनी पुन्हा फोन करून सॅमलाच मागितलं.

त्या पाळीत आम्ही सहा सॅम होतो.