कुकर सोडून सर्व काही

डिशवॉशर घ्यायला निघालेल्या मराठी माणसाला दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती प्लेस सेटिंगचा दाखवू?" घरातली ताटं ज्याने जन्मात मोजलेली नाहीत, तो गृहस्थ ठामपणे सांगतो, "चौदा." बारा म्हटलं तर कमीपणा, सोळा म्हटलं तर मंगल कार्यालय. एका सेटिंगमध्ये काय काय येतं, हे विचारायची सोय नसते. येतं ते असं: मोठी प्लेट, सूपची खोलगट प्लेट, गोडाची छोटी प्लेट, कप, बशी, काचेचा ग्लास आणि काटे-चमचे-सुऱ्या. हे माप युरोपात ठरलं. त्यात वाटी नाही, तांब्या नाही, परात नाही. चौदा माणसं सूप पिऊन, पुडिंग खाऊन उठली, पण ते सूप कोणी कशात शिजवलं याची चौकशी करायची नाही, अशा घराचं ते माप आहे.

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त अभियंत्यांनी या खरेदीसाठी तक्ता केला आहे. वर मॉडेलं, डावीकडे गुणविशेष, प्रत्येकाला दहापैकी गुण. त्यांनी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि बंद पडलेल्या लिफ्टपेक्षा त्यावर जास्त चर्चा झाली. सगळ्यांनी मतं दिली. ज्या मावशी सध्या ही भांडी घासतात, त्या ग्रुपवर नाहीत.

तक्त्यात सर्वांत वर आहे आवाज. महागड्या यंत्राची पहिली बढाई हीच, की ते ऐकू येत नाही. चाळीस-बेचाळीस डेसिबल म्हणजे वाचनालयातली कुजबुज. काही यंत्रं इतकी शांत, की ती चालू आहेत की बंद हे कळावं म्हणून जमिनीवर लाल ठिपका पाडतात. आधी पैसे मोजून आवाज घालवायचा आणि मग तो गेल्यामुळे ठिपक्याचे पैसे मोजायचे. पण यातला खरा तोटा कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नाही. पिढ्यान् पिढ्या मराठी नवऱ्याला घरातलं हवामान मोरीतल्या भांड्यांच्या आवाजावरून कळत आलं आहे. पातेली हलकेच वाजली तर चहा मिळेल, आदळली तर फिरायला निघून जावं. चाळीस डेसिबलवर हा अंदाज वर्तवणार कसा?

मीले या जर्मन कंपनीच्या वरच्या श्रेणीत असं यंत्र आहे, ज्याला मूठच नाही. दारावर दोन टिचक्या मारल्या की ते आपोआप उघडतं. आमच्याकडे तीनदा बेल वाजवूनही कोणी दार उघडत नाही, तेव्हा या विशेषाला अभियंत्यांनी दहापैकी दहा दिले ते योग्यच. बॉश आणि सीमेन्सच्या वरच्या मॉडेलांत झिओलाइट नावाचं खनिज असतं. ते ओल शोषतं, शोषताना उष्णता सोडतं आणि त्या उष्णतेवर भांडी वाळतात. मानलं बुवा! याचा मोठा फायदा मात्र प्लास्टिकला, कारण गरम पाण्यातून निघालं तरी प्लास्टिक सहसा ओलंच राहतं. म्हणजे श्रीखंडाचे रिकामे डबे, जे आपण धुऊन, झाकण लावून, कधीतरी लागतील म्हणून माळ्यावर ठेवतो, ते कोरडे करायला जर्मन रसायनशास्त्र राबणार. हळदीचा पिवळेपणा त्यालाही निघत नाही.

काही यंत्रं धुणं संपल्यावर स्वतःच दार किलकिलं करतात, म्हणजे वाफ बाहेर जाते. झुरळांच्या बाजूनेही या योजनेचा विचार व्हावा. वायफाय तर हवंच. हिंजवडीत कचेरीत बसून मोबाईलवर बोट टेकवलं की कोथरूडच्या घरातलं यंत्र सुरू होतं. भांडी मात्र आत कोणीतरी आधी लावून ठेवावी लागतात. ते ॲपमध्ये नाही.

तर मग आत लावायचं काय? इथे खरी गंमत आहे. ॲल्युमिनियम नको, कारण डिशवॉशरची पावडर क्षारयुक्त असते आणि त्यात ते काळं पडतं. म्हणजे बहुतेक घरांतला कुकर बाहेर. हिंदालियमची कढई बाहेर. बिडाचा तवा बाहेर, तो गंजतो. नॉनस्टिकवर कंपन्या स्वतःच कपाळाला आठ्या घालतात. पितळी डबे, तांब्याचा लोटा, पोळपाट, लाटणं, रवी, सगळं बाहेर. स्टीलचा कुकर चालेल, पण शिटी आणि रबर काढून. भारतात विकायला आल्यावर एका कंपनीने 'इंटेन्सिव्ह कढाई' नावाचा सत्तर अंशांचा प्रोग्रॅम काढला, तेव्हा देशाभिमानाने आमचा ऊर भरून आला. कढई चालेल, फक्त स्टीलची हवी. ती घ्यायची, मग स्टीलचा कुकर घ्यायचा, मग स्टीलची पातेली. दीड लाखाच्या यंत्राला आवडतील अशी भांडी जमवता जमवता अजून वीस-पंचवीस हजार जातात. घरात आलेल्या नव्या सुनेसाठी कोणी एवढं बदललेलं आमच्या ऐकिवात नाही.

वेळेचंही तसंच. वीज-पाणी वाचवणारा 'इको' प्रोग्रॅम तीन तासांच्या पुढे जातो. ज्या घरात फोडणीची लाडकी कढई एकच असते, तिथे दुपारी दोनला आत गेलेली कढई पाचच्या पुढे सुटते आणि तोवर कांदेपोह्यांचा बेत शिऱ्यावर येतो.

पाण्याच्या बाबतीत मात्र यंत्राला नावं ठेवायला जागा नाही. चांगलं यंत्र एका खेपेला नऊ-दहा लिटरच्या आसपास पाणी घेतं आणि तेच पाणी गाळून फिरवतं. वाहत्या नळाखाली भांडी घासणारा माणूस एवढं पाणी घासणी सापडेपर्यंत सोडतो. टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांनी यासाठी तरी या यंत्राचा विचार करावा. अडचण आपल्या संस्कारांची आहे. माहितीपुस्तिका सांगते की भांडी आधी विसळू नका, खरकटं फक्त निपटून टाका. हे वाचून कोणती मराठी गृहिणी गप्प बसेल? आमटीची वाटी नुसती कशी ठेवायची? मग प्रत्येक भांडं नळाखाली धरून विसळलं जातं, दोन बादल्या पाणी आधीच खर्च होतं आणि चकचकीत भांडी यंत्रात जातात. आतला संवेदक पाण्याचा गढूळपणा मोजतो, त्याला पाणी स्वच्छ दिसतं आणि तो धुणं आटोपतं घेतो. पुस्तिका असंही म्हणते की यंत्र पूर्ण भरल्याशिवाय लावू नका. घरातली आजी म्हणते, खरकटं रात्रभर घरात ठेवायचं नाही. दोन माणसांच्या घरात चौदा सेटिंगचं यंत्र भरायला दोन दिवस लागतात. आजी आणि जर्मनी यांच्यात अजून तह झालेला नाही. न्यू जर्सीतल्या आमच्या आप्तांनी यावर जुनाच तोडगा काढला आहे: भांडी हाताने घासायची आणि डिशवॉशरमध्ये निथळत ठेवायची.

या यंत्राची जन्मकथा अभियंत्यांच्या तक्त्यात नाही, पण सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी १८८६ च्या डिसेंबरमध्ये त्याचं पेटंट मिळवलं. भांडी घासून घासून त्यांचे हात दुखत होते म्हणून नव्हे. नोकर घासताना त्यांच्या चिनी मातीच्या उंची बशांचे टवके उडवत, म्हणून. (त्याच वर्षी मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. एक बाई यंत्र करत होती, एक बाई डॉक्टर होत होती आणि दोन्ही खंडांतले पुरुष ताटावरून उठून हात पुसत होते.) १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात यंत्र गाजलं, पण गिऱ्हाईक मिळालं ते हॉटेलांचं. घरांत शिरायला त्याला आणखी अर्धं शतक लागलं. आपल्याकडे २०२० ची टाळेबंदी यावी लागली. मावशी येईनाशा झाल्या आणि साहेबलोकांना पहिल्यांदा कळलं, की एका चहाला चार भांडी पडतात.

आता हिशेब. दीड लाखाचं यंत्र दहा वर्षं चाललं असं धरू. महिन्याला साडेबाराशे झाले. रोजची साबणाची एक वडी वीस रुपयांची धरली तर सहाशे. त्यावर चमक आणणारा द्रव आणि मीठ. मीठ म्हणजे आपलं आयोडीनवालं नव्हे, वेगळं, जाड खड्याचं. बोअरचं जड पाणी मऊ करण्यासाठी यंत्राच्या आत रेझिन असतं आणि ते ताजंतवानं राहायला हे मीठ लागतं. दोन हजारांच्या आसपास आपण आलो आणि वीज अजून धरलेलीच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिशवॉशरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचा आनंद या बेरजेत धरलेला आहे.

हा हिशेब अभियंत्यांनी हसतमुखाने मान्य केला. त्याच आठवड्यात मावशींनी महिना दोनशे रुपये वाढ मागितली, तेव्हा सोसायटीत बैठक बसली. "एकाने दिले की सगळ्यांना द्यावे लागतील," या मुद्द्यावर अपूर्व एकजूट दिसली. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता. राज्यात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे. बैठकीत यातलं काहीच निघालं नाही, कारण विषयपत्रिकेवर पार्किंगही होतं.

अभियंत्यांच्या घरी यंत्र आलं, मावशीही राहिल्या. राहणारच होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी ते आतून-बाहेरून पाहिलं आणि विचारलं, "काका, मग कुकर कुठं घालायचा?" काकांनी तो त्यांच्याकडे सरकवला. कढई, तवा, परात आणि करपलेलं दुधाचं पातेलंही सरकवलं. यंत्राकडे राहिले कप, बश्या आणि वाट्या, ज्या घासायला मावशींना कधी जड गेल्याच नव्हत्या. काम हलकं झालं म्हणून पगार कमी करावा का, यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.

यंत्राची बडदास्त मात्र बघण्यासारखी आहे. त्याला स्वतंत्र सोळा अँपिअरचा सॉकेट, त्याच्या जातीचं मीठ, वर्षाचा देखभाल करार आणि सत्तर अंशांचं गरम पाणी. जानेवारीच्या सकाळी सात वाजता त्याच ओट्याशी मावशी ज्या पाण्यात हात घालतात, ते टाकीतून थेट येतं. त्यांच्या चहाचा कप वेगळा ठेवलेला असतो, कान तुटलेला. तो यंत्रात जात नाही.

तेव्हा घेणाऱ्यांसाठी आमचं मत स्वच्छ आहे. डिशवॉशर घ्या, पाणी वाचतं. बारा-तेरा सेटिंगचं, आतून स्टीलचं, सत्तर अंशांचा प्रोग्रॅम, अर्ध्या भरतीची सोय आणि पाणी मऊ करण्याची व्यवस्था असलेलं साधं यंत्र घ्या. ते पन्नास हजारांच्या आगेमागे मिळतं. लाल ठिपका, टिचकी आणि वायफाय यांवाचून कोणाची वाटी खरकटी राहिलेली नाही. उरलेल्या लाखातून मावशींचे दोनशे रुपये वाढवा. आणि प्लंबर नळी जोडायला येईलच, तेव्हा त्यालाच सांगून गीझरच्या पाण्याचा एक नळ सिंकवर काढून घ्या.