तीन मशिनी, एक चूल

"काय हो वहिनी, यंदा अक्षतेला तुमचा धाकटा दिसला न्हाई? सातही काठ्या सम्मती कट्ट्याला पोचल्या, सगळी गल्ली पांढऱ्या बाराबंदीत, आन् हा कुठं?"

"कुठं असणार काकू! अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यात. गड्ड्याच्या जत्रेमुळं माग बंद, तेवढ्यात सर्व्हरचं उरकायचं होतं. इकडं सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता, तिकडं हा तीन मशिनींचं लग्न लावत बसलेला."

"मशिनींचं लग्न?"

"पूल म्हणतात त्याला. बघा, एकेका सर्व्हरच्या पोटात चार-पाच व्हर्च्युअल मशिनी चालतात. एकीत हिशेब, एकीत बिलं, एकीत रंगखात्याची नोंद. मागच्या मे महिन्यात उन्हानं एक सर्व्हर बसला, तर पोटातलं सगळंच बसलं. ट्रक दारात उभा, बिल निघंना. मालक नुसते पेटले. म्हणून आता तिन्ही सर्व्हरचं एकत्र कुटुंब."

"बटणं दाबायची, दुसरं काय."

"बटण कुठलं! काळा पडदा, त्यावर एकेक ओळ टाइप करायची. झेनसर्व्हर आहे त्यांच्याकडं. त्यातलं मूळ झेन केंब्रिज विद्यापीठातल्या मंडळींनी काढलेलं, 2003 साली बाहेर आलं. ओळ सुरू होते 'एक्सई'नं. 'एक्सई पूल-जॉइन', पुढं मास्टरचा, म्हणजे घरातल्या कारभारी सर्व्हरचा पत्ता, नाव, पासवर्ड. आन् ही ओळ मास्टरवर टाकायची न्हाई. येणाऱ्या सर्व्हरवर टाकायची."

"म्हणजे सुनेनंच मागणी घालायची?"

"तर काय! सासू आपली बसून."

"पत्रिका तरी बघतात का?"

"आपल्यापेक्षा कडक. इंटेलच्या घरात एएमडीची सून चालत न्हाई. सॉफ्टवेअरची आवृत्ती तीच हवी, शेवटच्या दुरुस्तीपर्यंत. घड्याळं जुळलेली. पत्ता कायमचा हवा, आज एक उद्या दुसरा असला न्हाई. आन् येताना पोटात एकही मशीन चालू नको."

"अगं बाई! एवढं विचारतात?"

"विचारत न्हाईत काकू, सरळ नाकारतात. लाल अक्षरांची गरज न्हाई, साधी एरर येते आन् संपलं. त्याचा अर्धा दिवस घड्याळापायी गेला."

"आन् आत आल्यावर?"

"मग थाट! मास्टरचं सामायिक स्टोरेज, नेटवर्कची मांडणी, सगळं आपोआप मिळतं. डिस्का सामायिक कोठारात ठेवल्या, की एका सर्व्हरची साफसफाई करायची झाली तर तिच्यावरच्या मशिनी चालू असतानाच दुसरीवर सरकवतात. बिल करणाऱ्या पोरीला पत्ता लागत न्हाई."

"सासूच गेली तर?"

"बाकीच्यांची कामं चालूच राहतात, फक्त घरात कारभारी कोण ते कळंना होतं. एचए, म्हणजे एखादी बसली तरी घर चालू ठेवायची सोय, चालू केलेली असली तर आपसांत ठरवून नवी मास्टर नेमतात, म्हणून निदान तिघी हव्यात म्हणतो तो. नसली तर राहिलेल्यांपैकी एकीवर बसून 'पूल-इमर्जन्सी-ट्रान्झिशन-टू-मास्टर' टाइप करायचं. म्हणजे तिनं जाहीर करायचं, आता मी. मग दुसऱ्या ओळीनं बाकीच्यांना तिच्या हाताखाली घ्यायचं."

"आमच्या थोरल्या जाऊबाईंना ही ओळ न सांगताच पाठ होती. बरं, पटलं न्हाई तर निघता येतं का?"

"येतं की. 'पूल-इजेक्ट'. पण स्वतःच्या डिस्कवर जे काही असंल ते पुसलं जातं. कोरी करकरीत होऊन बाहेर."

"नेसत्या वस्त्रानिशी! स्त्रीधनसुद्धा न्हाई?"

"काहीच न्हाई. आधी दुसरीकडं काढून ठेवलं असंल तेवढंच."

"ही अट आधी सांगतात का?"

"पुस्तकात लिहिलेली असते. वाचतंय कोण?"

"मग ऐका. बार्शीला माझी भाची आहे, बँकेत लागलीय. तुमच्या धाकट्यासाठी सुचवणारच होते. पण आधीच सांगून ठेवते वहिनी, ती आपलं काही पुसू द्यायची न्हाई."