चौकटीतली वनराई

५ जून जवळ आला की प्रभागोप्रभागी निसर्गचित्रांची प्रदर्शने भरतात. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. ‘झाडे वाचवा’ हा संदेश संयोजक पीव्हीसीच्या फ्लेक्सवर छापतात आणि खिळे ठोकून झाडावरच लावतात. संबंधितांना इतक्या थेट कळवण्याची तत्परता शासनालाही साधलेली नाही. थर्माकोलच्या मखरांवर राज्यात २०१८पासून बंदी आहे, हे खरे; पण ‘वितळते हिमनग’ दाखवायचे तर दुसरे काय वापरणार? कापूस महाग आहे.

आमची नम्र सूचना एवढीच, की चळवळ इथे थांबू नये. रंगवलेल्या झाडाचा पाचोळा पडत नाही. भर पावसात ते कुणाच्या मोटारीवर कोसळत नाही. हलवायचे झाले तर वृक्ष प्राधिकरणाचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत, एक खिळा उपटला की झाले. तेव्हा १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यात तोडलेल्या झाडाच्या बदल्यात दुसरे झाड लावायला सांगितले आहे, तिथे ‘अथवा जलरंगातील चित्र, चौकटीसह’ अशी दुरुस्ती व्हावी. ती वेळीच झाली असती, तर ऑक्टोबर २०१९मध्ये आरेत आडवी झालेली दोन हजारांहून अधिक झाडे आज एखाद्या वातानुकूलित दालनात सुखाने उभी असती.

यंदा पहिले बक्षीस चौथीतल्या एका मुलीच्या पिंपळाला मिळाले. परीक्षक म्हणाले, हुबेहूब! दालनासमोरचाच तो. पुढच्या वर्षीचा विषयही संयोजकांनी लगेच जाहीर केला: ‘आठवणीतला पिंपळ’. रस्तारुंदीकरणाची मंडळी सोमवारी येत आहेत.