वायव्य गुरुजी

आमच्या गुरुजींना डावं-उजवं मान्य नाही. ‘तुझं डावं ते माझं उजवं, असल्या बेभरवशाच्या गोष्टीवर पोरांनी का विसंबावं?’ हा त्यांचा सवाल, आणि त्याला उत्तर नाही. त्यामुळं आमच्या शाळेत फळ्याची ईशान्य बाजू आधी पुसतात, चपला दाराच्या पश्चिमेला काढतात, आणि दुसरीतलं पोरगं रडत येतं ते ‘गुरुजी, ह्यो मला दक्षिणेकडनं ढकलतोय’ अशी फिर्याद घेऊन. घरी जेवताना गुरुजी सूनबाईंना ‘लोणचं जरा आग्नेयेला वाढा’ असं सांगतात. सूनबाई पुण्याच्या. पहिले सहा महिने त्या वास्तुशास्त्र समजून निमूट वाढत होत्या.

‘वायव्य गुरुजी’ हे नाव पोरांनीच ठेवलं. आमचं गाव माण आणि खटाव तालुक्यांच्या शिवेवरच्या डोंगरावर. पाऊस बेताचा, त्यामुळं निम्म्या घरांतले कर्ते पुरुष मुंबईत, माथाडीत किंवा मार्केटला. मुंबई इथून वायव्येला. पहिलीतल्या पोराला ‘वडील काय करतात?’ विचारलं तर गुरुजींच्या तालमीत तयार झालेलं ते पोर ‘वायव्येला असत्यात’ असं सांगून मोकळं होतं. एकदा साहेब तपासणीला आले. ‘महाराष्ट्राची राजधानी कुठली?’ त्यांनी विचारलं. सगळ्या वर्गानं एका दिशेला हात केला. ‘नाव सांगा, नाव!’ साहेब म्हणाले. एक मुलगी उठून म्हणाली, ‘नाव सगळ्यांनाच येतंय साहेब, कुणीकडं हाय ते विचारा.’

दोन शिक्षक, चार वर्ग अशी शाळा. तिसरी-चौथी गुरुजींकडं, पहिली-दुसरी, खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि वरून येणारे सगळे तक्ते माझ्याकडं. ही वाटणी कुणी केली ते विचारू नका. गुरुजींच्या मते तक्ता भरणारा माणूस आणि नकाशा वाचणारा माणूस या दोन वेगळ्या जाती आहेत आणि त्यांच्यात रोटीव्यवहार फक्त डब्यापुरता असावा.

नकाशा मात्र ते भिंतीवर राहू देत नाहीत. आल्या आल्या त्यांनी खिळ्यावरचा भारत उतरवला आणि जमिनीवर अंथरला, उत्तर उत्तरेला करून. टांगलेल्या नकाशानं पोरांचं वाटोळं होतं, हे त्यांचं ठाम मत. उत्तर म्हणजे वर, दक्षिण म्हणजे खाली, असं एकदा डोक्यात बसलं की पोरांना वाटतं दिल्ली डोंगरावर आहे आणि सगळ्या नद्या कन्याकुमारीकडं घरंगळतात. ‘मग चंबळ उत्तरेकडं वाहते, ती काय शिडी लावून चढते का?’ असं ते विचारत. पुढं कागदाचा नकाशा पायांनी फाटला तेव्हा त्यांनी अंगणातच चुन्यानं भारत काढला. फाटक्या नकाशाचा निर्लेखन अहवाल मी लिहिला.

त्या अंगणातल्या भारताला लोकसंख्या हवी, म्हणून गुरुजींनी पोरांना प्रत्येक नातेवाइकामागं एक दगड आणायला सांगितलं. इथं आमच्या भागाची खरी मिजास कळते. माण, खटाव, आटपाडी, खानापूर हा पट्टा गलाईवाल्यांचा. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर गेलेली. त्यामुळं ज्या पोरांनी अजून साताऱ्याचं एसटी स्टँड पाहिलं नाही, त्यांचे दगड कोइमतूर, कानपूर, गुवाहाटी, कोची असे पडायला लागले. केरळात तर इतकी गर्दी झाली की दोन चुलते समुद्रात ठेवावे लागले. एकीचा भाऊ नेपाळात. तो दगड चुन्याच्या रेघेबाहेर ठेवताना तिनं ‘ह्याला पासपोर्ट लागतो का?’ असं विचारलं. ‘नाही लागत,’ गुरुजी म्हणाले, आणि कुणाला लागतो, कुणाला नाही, यात सबंध दुपार गेली. त्या दुपारी वेळापत्रकात गणित होतं. गुरुजींच्या हातून गणिताचे असे बरेच तास बुडतात आणि चौथीच्या भागाकारावर ते दिसतं. कौतुकाच्या भरात हे झाकून ठेवायचं कारण नाही.

सूर्याचा प्रयोग झाला तो सप्टेंबरात, दिवस-रात्र सारखी असते त्या सुमाराला. पहाटे पाचला तिसरी-चौथी माळावर हजर. आया बॅटऱ्या घेऊन मागं, कारण पोरं एवढ्या अंधारात निघाली तर बिबट्याचं भय. मी का गेलो? स्पीकरवाला धड मोबाइल माझा होता. सव्वापाच होऊन गेल्यावर गुरुजींनी तिसरीतल्या एकाला गुवाहाटीच्या मामाचा नंबर लावायला सांगितला. इकडं पूर्वेला काळं कुळकुळीत. बऱ्याच वेळानं मामानं फोन उचलला आणि घाबऱ्या आवाजात पहिलाच प्रश्न केला, ‘कोण गेलं?’

‘कोण न्हाय गेलं मामा. सूर्य आला का?’

‘काय?’

‘सूर्य, सूर्य. तुमच्याकडं उगवला का?’

‘आलाय की मगाशीच. त्याला काय झालंय? आक्का कुठाय? आक्काला दे फोन.’

आक्का पुढं झाल्या. आक्कांनीही शपथेवर सांगितलं की घरात सगळे खुशाल आहेत, तरी मामाचा विश्वास बसेना. पैसे हवेत का, असं त्यानं दोनदा विचारलं. तोवर पोरांत वाद पेटला होता. मामा खोटं बोलतोय, अंथरुणातनं बोलतोय, असं एका गटाचं म्हणणं. दुसरा गट म्हणे, मग खिडकीतनं फोटो मागवा. फोटो आला: गल्ली, सायकल, भिंतीवर लख्ख ऊन. आमच्याकडं सूर्याची कड दिसली ती 6 वाजून 20 मिनिटांच्या आसपास. मधला तासभर चाळीस पोरं थंडीत कुडकुडत एकमेकांशी भांडत होती की देश एक, घड्याळ एक, मग सूर्य दोन वेळा कसा? गुरुजींनी चकार शब्द काढला नाही. पृथ्वी फिरते हे वाक्य त्यांनी त्या दिवशी उच्चारलंच नाही. मग एका धनगराच्या पोरानं शोध लावला. त्यांचा वाडा दरवर्षी मेंढरं घेऊन कोकणात उतरतो. ‘आमी चालत जातो म्हणून दिसत न्हाय,’ तो म्हणाला, ‘पर गुवाहाटीपासनं इथवर यायला सूर्याला तास लागतोय, तर अरबस्तानात आजून अंधारच आसंल.’ गुरुजींनी त्याला खांद्यावर घेतलं. त्यांचं वय पंचावन्न आणि पोरगं अंगानं भरलेलं. पुढचे दोन दिवस गुरुजी वाकून चालत होते आणि माझ्याकडं चार वर्ग.

मिर्झापूरचं प्रकरण दुसऱ्या दिवशी निघालं. घड्याळात बारा वाजले की सूर्य डोक्यावर, या पुस्तकी समजुतीशी गुरुजींचं वैर आहे. भारताची वेळ ठरते ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरून. आम्ही त्याच्या आठ अंश पश्चिमेला, आणि एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे आमची मध्यान्ह घड्याळाच्या अर्धा तास मागं. त्यातही महिन्यागणिक फरक, कधी सव्वाबारा तर कधी पाऊण. हे पटवायला अंगणात वेळूची काठी पुरलेली आहे. रोज दुपारी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करायची, सर्वांत आखूड सावली पडली की मध्यान्ह, आणि मध्यान्ह झाल्याशिवाय खिचडी नाही. फेब्रुवारीत स्वयंपाकीण मावशी पातेल्यावर ताटली ठेवून डोळे वटारत बसतात. ‘मिर्झापूरला जेवण झालं आसंल का वो?’ असं त्या मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारतात.

सूर्यावर गुरुजींचा एक खासगी रागही आहे. आमच्या अक्षांशावर तो वर्षातनं दोनदाच अगदी डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. पहिल्यांदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसऱ्यांदा ऑगस्ट लागता लागता, तेव्हा आभाळ भरलेलं. ‘पडत नाही थेंब, पण नेमका त्या दिवशी ढग!’ असं म्हणत ते काठीपाशी उभे राहतात.

सहलीत त्यांच्या शेजारी बसू नये, हा अनुभवाचा सल्ला. दहिवडीहून साताऱ्याला जाणारी एसटी माणगंगेचं खोरं सोडून येरळेच्या खोऱ्यात शिरते, तिथं एक साधा चढ आहे. त्या चढावर गुरुजी उभे राहून गरजले, ‘आत्ता आपण भीमेतनं कृष्णेत आलो!’ निम्मे प्रवासी दचकून पाय वर घेऊन बसले. पुढं पुसेगावला येरळा आली, तेव्हा ‘हिचं पाणी कृष्णेत’ हे झालं. माहुलीला कृष्णाच आली, म्हाताऱ्यांनी खिडकीतनं नाणी टाकली, आणि गुरुजींनी ती नाणी कुठं जातील यावर डब्यातल्या चिवड्याची पैज लावली. कंडक्टरही खेळला.

हेच जलविभाजकाचं प्रकरण गावातल्या एका भाऊबंदकीपर्यंत गेलं. दोघा सख्ख्या भावांचा बांधावरून वाद. बांध नेमका डोंगराच्या माथ्यावर. थोरल्याच्या रानातलं पाणी उतरतं येरळेकडं, धाकट्याच्या रानातलं माणगंगेकडं. गुरुजींना मध्यस्थीला बोलावलं. त्यांनी काडीनं मातीत दोन्ही नद्या काढल्या: येरळा कृष्णेला मिळते, माणगंगा भीमेला, आणि शेवटी कर्नाटकात रायचूरकडं भीमाच कृष्णेला मिळते. ‘तुमचं पाणीसुद्धा शेवटी एक होतं रे!’ गुरुजी सद्गदित झाले. धाकटा नकाशाकडं बराच वेळ बघत होता. ‘मग गुरुजी,’ तो म्हणाला, ‘आमीबी तिकडंच भेटू. हितं मोजणी होऊ द्या.’

आणि मग गुरुजींची बदली झाली. जिल्हा तोच, तालुका महाबळेश्वर. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, गुडघे धरलेला माणूस धुक्यात नेऊन टाकला म्हणून गाव हळहळलं. गुरुजी मात्र हरखलेले. एकाच देवळातनं कृष्णा बंगालच्या उपसागराकडं निघते आणि सावित्री अरबी समुद्राकडं, ते ठिकाण आता रविवारी गाठता येणार होतं. काठी इथंच ठेवून गेले. चार महिने सूर्यच नाही तिथं काठी काय करायची?

जाताना त्यांनी माझ्या गळ्यात पर्जन्यमापक घातला. पर्जन्यमापक म्हणजे पाण्याची बाटली, गळा कापून उलटा बसवलेली, बाजूला मोजपट्टी चिकटवलेली. दोन्ही शाळांच्या तिसरीला पुस्तक एकच, सातारा जिल्ह्याचं. तेव्हा दोन्हीकडच्या पोरांनी आपापला पाऊस मोजून एकमेकांना कळवायचा, असं ठरलं. आमच्या पोरांनी जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत थेंबनथेंब मोजला, बेरीज केली आणि ऐटीत पत्र धाडलं. परतीच्या टपालानं उत्तर आलं: ‘तुमचा अख्खा पावसाळा आमच्याकडं जुलैत दोन दिवसांत पडला. आमची बाटली रात्रीतनं भरते, म्हणून गुरुजी झोपेतनं उठून ओततात.’

आमची चौथी भडकली. हा सरळसरळ तालुक्याचा अपमान होता. वर्गाची बैठक बसली, धनगराच्या पोरानं मजकूर सांगितला, एकीनं चांगल्या अक्षरात लिहिला: ‘पडतो ते कळलं. उन्हाळ्यात टँकर येतो का?’

आठ दिवसांनी कार्ड आलं. ‘येतो.’

त्यावर आता इकडनं पाच पानी प्रश्नावली तयार आहे. पडलेलं पाणी जातं कुठं, दगड कसला, उतार किती, विहिरी कोणाच्या, टँकर कुठनं भरतो. जाड लिफाफ्याला तिकिटं जास्त लागणार, आणि टपालखर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा ते कुठल्याच तक्त्यात नाही. गुरुजींना विचारलं, तर म्हणाले, ‘वायव्येला लिहा, मंत्रालयात.’