रागाचं संग्रहालय

किल्ल्यांवरच्या प्रदर्शनांत तलवारी फार असतात. काचेआड ओळीनं मांडलेल्या, वर दिवा, खाली पाटी. पाहणाऱ्याला वाटावं, इतिहास म्हणजे नुसतं लोखंड! बीड जिल्ह्यातल्या किल्ले धारूरसाठी असं दालन मांडायचं काम कुणी मला दिलं, तर मी तलवारी मागच्या खोलीत ठेवीन आणि दर्शनी कपाटात एक पत्र.

बालाघाटाच्या कडेचा हा किल्ला तीन अंगांनी दऱ्यांनी राखलेला. सपाटीच्या बाजूला खंदक. 1567च्या सुमारास विजापूरच्या किश्वरखानानं तो बांधला, तोही निजामशाहीच्या उंबऱ्यावर. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाला हे झोंबलं. खरं तर दोन्ही घरांत साटंलोटं झालेलं. मुर्तजाची बहीण चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिलेली, आदिलशहाची बहीण मुर्तजाच्या घरी. सोलापूरचा किल्ला तर हुंड्यातच होता. पण साटंलोट्यातले रुसवे आपल्याला काय नवे? इथे मानपानाचा हिशेब तोफांनी चुकता व्हायचा, इतकंच.

इतिहासकार फिरिश्ता सांगतो, मुर्तजा चालून आल्यावर किश्वरखानानं त्याला पत्र धाडलं. त्यातली भाषा सुलतानाला उद्धट वाटली. तो तडक घोड्यावर बसला आणि शपथ घेतली, की किल्ल्यात शिरल्याशिवाय खाली उतरणार नाही. धुमश्चक्रीत एक बाण नेमका किश्वरखानाला लागला. तो पडला आणि आतली शिबंदी पळाली. दऱ्या जागेवर, खंदक जागेवर. किल्ला तेवढा गेला. जिंकणाऱ्यानं त्याचं नावही बदललं : फतेहाबाद.

म्हणून दुसऱ्या कपाटात रिकीब ठेवायची, तिसऱ्यात तो बाण. चौथ्यात एक कोरडी घागर. 1631 साली मोगलांच्या आझमखानानं धारूर घेतलं, तेव्हा दख्खनभर भीषण दुष्काळ होता. त्या घागरीखाली पाटी लावायची गरज नाही. बीडच्या माणसाला ती वाचता येते.

भिंतींवर नावं कोरू नका, ही सूचना दाराशी हवीच. तिच्याखाली मी आणखी एक ओळ लिहीन : ‘पाठवण्यापूर्वी पुन्हा एकदा वाचा.’ पत्रांचा जमाना गेला, असं कुणी म्हणालं, तर त्यानं भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडावा. रिकिबीत पाय अडकवून बसलेले दोन-चार मुर्तजा तिथे रोज भेटतात.