सदाहरित जंगलात जागा घेताना

आंबोली-तिळारीच्या किंवा शेजारच्या गोव्याच्या जंगलात कायमचे बिऱ्हाड करू इच्छिणाऱ्या प्राण्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. रविवारी धबधब्याखाली भिजून भजी खायला येणाऱ्यांनी ते वाचायची गरज नाही. त्यांची दखल जळवा परस्पर घेतात.

तळमजला घेऊ नये. आंबोलीत वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, खाली ऊन पोचत नाही, आणि फळे-पाने सगळी वर. अंग जड आहे ही सबब चालणार नाही. शेकरूनेही खारीच्या कुळात जन्मून हा आकार कमावला आहे, तरी ते झाडावरून झाडावर लांब उड्या मारते, झुबकेदार शेपटीने तोल सावरते आणि एकावर न भागवता अनेक घरटी बांधून ठेवते. तीही बारीक फांद्यांवर, जिथे जड शत्रूचा पाय ठरत नाही. राज्यप्राण्याने किती घरे ठेवावीत, यावर इथे चौकशी बसत नाही.

उडी जमत नसेल तर फासळ्या वापराव्यात. उडता सरडा त्या बाजूला पसरतो, वरची कातडी ताणली जाते आणि स्वारी तरंगत पुढच्या खोडावर. पोचल्यावर घडी करून ठेवावी. मादीला मात्र अंडी मातीत घालायला खाली उतरावे लागते. बाळंतपणापुरता तळमजला, इलाज नाही.

बेडकांनी त्यावरही तोड काढली आहे. मलबारच्या उडत्या बेडकाची मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर बसून मागच्या पायांनी फेस घुसळते आणि त्यात अंडी घालते. बेडूकमासे तयार झाले की थेट खालच्या पाण्यात. डबके नीट पाहून पान निवडावे. नेम चुकल्यास तक्रार घेतली जाणार नाही. काही झुडपी बेडकांना तर डबकेही नको. अंड्यातच सगळे शिक्षण उरकून पिल्लू चार पायांचा बेडूक होऊनच बाहेर येते.

शिकारीमागे धावण्याचा कंटाळा असल्यास चापडा सापाप्रमाणे एका फांदीवर बसून राहावे. अंधारात भक्ष्य दिसले नाही असे सांगू नये. उष्णता ओळखणारे खळगे डोळे आणि नाकपुड्यांच्या मध्ये दिलेले आहेत.

आता महाधनेश. विवाहेच्छुक नरांनी हा भाग दोनदा वाचावा. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, विष्ठेने आणि चिखलासारख्या लगद्याने दार लिंपून घेते आणि चोच मावेल एवढी फट ठेवते. आत ती पंखांची मोठी पिसेही झाडते, म्हणजे मनात आले तरी उडता येत नाही. पुढचे काही महिने उंबराच्या जातीची फळे गळ्यात साठवून आणायची आणि फटीतून एकेक भरवायची, हे काम नराचे. साप्ताहिक सुट्टी नाही. ढोल असलेले झाड तोडले गेले तर पर्यायी जागेची व्यवस्था आमच्याकडे नाही. तेवढ्या जाडीचे झाड व्हायला माणसाच्या कितीतरी पिढ्या जातात. पिल्लू मोठे झाले की मादी भिंत फोडून बाहेर येते आणि भरवायला मदत करू लागते. तेवढ्यात आतले पिल्लू स्वतःच पुन्हा दार लिंपून घेते. त्याला शिकवायला जाऊ नये.